टॉर्चचं उरलेलं एक डोकं

शनिवार पेठेतल्या काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. हे काका नात्यातले नाहीत, छंदातले; ते कधीच फोन करत नाहीत. मेसेज करतात, तेही दोन शब्दांत. त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव बघूनच मी ताट बाजूला सरकवलं.

"माझा टँक गेला," ते म्हणाले.

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. गुरुवारी लाईट गेली, इन्व्हर्टरनं साथ सोडली, मी लग्नाला नगरला. आलो तेव्हा पाणी दुधासारखं पांढरं. सगळं मेलं." मग म्हणाले, "तुझ्याकडचा टॉर्च कसा आहे?"

टॉर्च म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. टॉर्च हे एक कोरल. मराठीत प्रवाळ म्हणतात, पण प्रवाळ म्हटलं की लोक अंगठीतल्या पोवळ्याकडे बघायला लागतात. हे तसलं नाही, हे जिवंत असतं. खाली दगडासारखी कांडी, वर लांब लांब लवलवते हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला हिरवा-पिवळा उजेड. निळ्या दिव्याखाली तर असं चमकतं की बघणारा बोलायचाच थांबतो. मी थांबले होते. पहिल्यांदा काकांच्या घरी तो टँक बघितला आणि मी, जी झोपेतसुद्धा बडबडते, ती गप्प झाले.

काकांनी मला त्याचं एक डोकं, म्हणजे एक कांडी आणि तिच्यावरचे हात, कापून दिलं होतं. फुकट. आमच्या या खाऱ्या पाण्याच्या जगात ही पद्धतच आहे. समुद्रातून कुणी काही ओरबाडून आणायचं नाही (तो गुन्हाही आहे), ज्याच्याकडे वाढलंय त्यानं तुकडा कापून दुसऱ्याला द्यायचा. यात मोठं मन वगैरे असतंच, पण एक हिशोबही असतो. उद्या तुझा टँक बसला तर तुझं कोरल दुसऱ्या कुणाच्या घरी जिवंत असेल. काका याला 'बँक' म्हणायचे. हडपसरला माझ्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या पूर्वेकडच्या खिडकीला लावलेल्या शंभर लिटरच्या टँकमध्ये, काकांची बँक होती. एका डोक्याची तीन डोकी झाली होती.

आणि त्या क्षणी, कॅन्टीनमध्ये, मला माहीत होतं की गेले काही दिवस टॉर्च नीट उघडत नाहीये.

"थोडा मिटलाय, काका."

"थोडा म्हणजे किती? मुठीएवढा की नखाएवढा?"

"मुठीएवढा होता. आज सकाळी... नखापेक्षा मोठा."

काकांनी टोमणा मारला नाही. पुण्यातला माणूस टोमणा मारायचं सोडतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"बघ," ते म्हणाले. "तेरा वर्षं होता तो माझ्याकडे. आता जगात तेवढाच आहे. टँक मी धुऊन परत भरलाय, पाणी तयार होतंय. झालं की एक डोकं दे. तोवर मरू देऊ नकोस."

*

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चूक शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. काहीही बिघडलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, मागच्या वेळी नीट चालत होतं तेव्हापासून काय बदललं? मग त्या संध्याकाळी शिफ्टमध्येच मी एका बाजूला काम आणि एका बाजूला यादी असं सुरू केलं. दिवे? तेच. मीठ? त्याच पिशवीतलं. तापमान? थंड ठेवणारा पंखा चालू. खारटपणा मोजला होता, नीट. अमोनिया शून्य. नायट्रेट थोडं, नेहमीइतकंच.

आमच्या टँकवाल्यांच्या ग्रुपवर सकाळचा फोटो टाकला. अर्ध्या तासात चौदा डॉक्टर. कुणी म्हणे उजेड जास्त, कुणी म्हणे उजेड कमी. एक म्हणाला प्रवाह वाढव, दुसरा म्हणाला आधी प्रवाह बंद कर. वाघोलीची एक मुलगी होती, तिनं मात्र एकच विचारलं, "मासे कसे आहेत?"

मासे? मासे ठणठणीत! माझी नारिंगी-पांढरी क्लाऊनची जोडी अख्ख्या टँकभर हुंदडत होती, खायला टाकलं की पाण्याबाहेर उडी मारायच्या बेतात.

"मग गोगलगायी, कोळंबी?"

मी उत्तर टाइप करायला लागले आणि थांबले. कारण कोळंबी. माझ्याकडे एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी होती, माशांचं अंग साफ करणारी. आठवड्यापूर्वी ती उताणी पडलेली दिसली होती. पण कोळंबी कात टाकते आणि ती कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते, म्हणून मी म्हटलं, कात असेल, आत दगडात लपली असेल, नवं कवच कडक होईपर्यंत बाहेर येत नाहीत त्या. आठवडा झाला. ती आलीच नव्हती. काचेवरच्या गोगलगायीही हल्ली दिसत नव्हत्या.

माशांना काही नाही, आणि पाठीचा कणा नसलेले, बिनकण्याचे जीव मरतायत. हे वाचलेलं होतं कुठेतरी, पण कुठे ते आठवेना.

आणि 'काय बदललं' या यादीत एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती. कारण ती गोष्ट म्हणजे माझे बाबा.

*

बाबा अकोल्याचे. पोस्टातून रिटायर झालेले. माझी ताई बंगळुरूला, तिचं बाळंतपण म्हणून आई तिकडे गेली सहा महिन्यांसाठी, आणि बाबांना चहापलीकडे काही करता येत नाही म्हणून त्यांची रवानगी माझ्याकडे. मी दुपारी ऑफिसला जाते, मध्यरात्री येते, सकाळी उशिरा उठते. बाबा पहाटे उठतात. म्हणजे एकाच घरात आम्ही दोघं वेगवेगळ्या देशांत राहत होतो.

पहिल्या आठवड्यात त्यांना फार जड गेलं. "माणसं दिसत नाहीत बाप्पा इथं," म्हणायचे. "दारं दिसतात."

मग त्यांना टँक दिसला. ते त्याला 'हौद' म्हणतात. खुर्ची ओढून तासन् तास समोर बसायचे. मी त्यांना एक काम दिलं. टँकमधलं पाणी रोज उडून जातं, मीठ मात्र आतच राहतं, त्यामुळे रोज तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागतं. काचेवर मी टेपची खूण केली होती. "बाबा, फक्त आरओचं पाणी. नळाचं नाही, टँकरचं तर अजिबात नाही. खुणेपर्यंत."

"आरओचं," ते म्हणाले. "समजलं. पोस्टात अडतीस वर्षं काढली, एक रजिस्टर पत्र हरवलं नाही माझ्याच्यानं. हौद कसा हरवीन?"

आणि खरंच, एक दिवस चुकला नाही त्यांचा. म्हणून तर ते माझ्या यादीत नव्हते.

अजून एक गोष्ट झाली होती मधल्या काळात, तिचा याच्याशी काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. बाबा रोज सकाळी अंघोळ करून सूर्याला अर्घ्य देतात. तांब्याच्या तांब्यातून, उगवत्या सूर्याकडे तोंड करून, मंत्र म्हणत पाण्याची धार सोडायची. अकोल्याला अंगण आहे, धार जास्वंदीच्या मुळाशी पडते. इथे बाल्कनी. बाबांनी बाल्कनीतून धार सोडली आणि ती खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गादीवर गेली, उन्हात घातलेल्या. काकू पेठेतून हडपसरला राहायला आलेल्या. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कागद लागला होता, सुवाच्य अक्षरात: 'सूर्यनारायणास पाठवलेले पाणी चौथ्या मजल्यावरून आमच्या गादीवर पोहोचते. पाठवणाऱ्याने पत्ता तपासावा.'

मी लिफ्टमध्ये एकटीच इतकी हसले की वॉचमन बघायला आला. बाबांना मात्र लागलं ते. पोस्टाच्या माणसाला पत्ता तपासा म्हणणं म्हणजे!

"आता नाही पडणार त्यायच्या गादीवर," दोन दिवसांनी ते म्हणाले होते. "सोय केली मी."

काय सोय केली ते मी विचारलं नाही. घाईत होते.

*

काकांच्या फोननंतर मला झोपच लागेना. टॉर्चचं एक डोकं पूर्ण आत गेलं होतं, पांढरी कांडी दिसायला लागली होती. दुसऱ्याच्या कडेनं तपकिरी लाळ सुटत होती, म्हणजे ते वितळत होतं. तिसरं, सगळ्यात लहान, अजून चार-पाच हात बाहेर काढून होतं, जसं कुणी बुडताना बोटं वर धरतं. मी अर्धं पाणी बदलायचं ठरवलं आणि त्यासाठी अलार्म न लावताच सूर्य उगवायच्या आधी डोळे उघडले.

हॉलमध्ये आले आणि दारातच थिजले.

खिडकी उघडी होती. समोरच्या दोन टॉवरच्या मधल्या फटीतून सूर्य वर येत होता, बरोबर टँकच्या मागे. बाबा टँकसमोर, ओलेत्यानं, डोळे मिटून उभे होते. दोन्ही हातांत तांब्याचा तांब्या, चिंच-मिठानं घासून आरशासारखा केलेला. तांब्या कपाळाच्या वर उचललेला, आणि त्यातून एक बारीक, सोनेरी धार, एकसारखी, माझ्या टँकमध्ये पडत होती.

तांबं!

तेव्हा आठवलं कुठे वाचलं होतं. टँक आणला त्या पहिल्याच आठवड्यात, माहितीच्या पुस्तकात, अगदी पहिल्या पानावर, ठळक अक्षरात. खाऱ्या पाण्यात तांबं म्हणजे बिनकण्याच्या जिवांना विष. माशांना औषध म्हणून देतात ते, पण वेगळ्या भांड्यात, आणि कोरलच्या जवळपासही नाही.

"बाबा!"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. मंत्र अर्धा सोडत नाहीत ते. नुसता एका हाताचा पंजा वर केला, थांब. आणि धार पडत राहिली. मी तीन पावलांवर उभी होते. हात धरला असता तर थांबली असती. पण मी लहानपणापासून त्या पंजाला थांबत आलेय, माझे पाय उचललेच नाहीत. धार बारीक झाली, थेंब झाले, संपली. बाबांनी तांब्या कपाळाला लावला, खाली ठेवला.

"काय झालं बेटा? इतक्या सकाळी?"

"हे कधीपासून करताय?"

"काय? अर्घ्य?" ते खूश होते. "गादीचं झालं तेव्हापासून. पाह्य ना, कसं जमून आलं. सूर्य समोर, हौद समोर. तुझं पाणी घालायचं काम बी झालं अन् माझं अर्घ्य बी. कोणाच्या गादीवर नाही गेलं."

"पण तांब्यातून!"

"मंग कशातून? स्टीलच्या गिलासातून देतात का सूर्याले? अन् पाणी आरओचंच आहे. मी इसरलो नाही. रात्रीच भरून ठेवतो यात. ते आरओचं पाणी मेलेलं असते, त्यात जीव नसतो. तांब्यात राहिलं म्हणजे चांगलं होते. कुंकू-अक्षता काई टाकत नाही बरं, तेवढं समजते मले."

रात्रभर. म्हणजे आरओचं, स्वतःचं काहीच नसलेलं, मिळेल ते ओढून घेणारं पाणी, चिंचेनं घासलेल्या तांब्यात रात्रभर. आणि रोज सकाळी टँकमध्ये. पाणी उडून जातं, तांबं उडत नाही. ते साठत राहतं. मी हे सगळं बोलले, भरभर, एका दमात, माझा आवाज चढत गेला. कोळंबी, गोगलगायी, टॉर्च, काकांची तेरा वर्षं.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "माणसाले चांगलं असते म्हणून..."

"माणसाला असेल!"

ते टँककडे वळले. वाकून त्या पांढऱ्या पडलेल्या कांडीकडे बघत राहिले. धोतराच्या टोकातून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"हे मी मारलं का?" त्यांनी विचारलं.

मी बादली आणायला पळाले.

*

पुढचे दोन दिवस मी रजा टाकली. वाघोलीच्या मुलीकडे एक पॅड होता, पाण्यातलं तांबं शोषून घेणारा. तांबं सापडलं की तो निळा पडतो. ती बसनं घेऊन आली, थांबलीसुद्धा नाही, "टॉर्च बघवत नाही मला" म्हणाली आणि गेली. पॅड पांढराशुभ्र होता. आम्ही तो फिल्टरमध्ये घातला. मी मीठ कालवत होते, बाबा बादल्या उचलत होते, आणि मधेमधे आम्ही दोघं जाऊन तो पॅड बघत होतो, परीक्षेचा निकाल लागल्यासारखा. मला मनात कुठेतरी वाटत होतं की तो पांढराच राहावा. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी निघावं.

संध्याकाळी तो निळसर झाला होता.

बाबांनी बघितलं. आत गेले, तांब्या कागदात गुंडाळला आणि आपल्या बॅगेच्या तळाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागीच होते. सूर्य फटीतून वर आला. बाबा खिडकीशी उभे होते, रिकामे हात जोडून. मंत्र ऐकू आला नाही.

मग मी काकांना फोन केला. कारण आता लपवून काय होणार होतं.

"तांबं?" काका ओरडले. "तुझ्या टँकमध्ये तांबं कुठून आलं? हडपसरला खाण लागली का?"

"घरातूनच आलं, काका. ते असं झालं की..."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. मी नको नको म्हणत होते.

"मी तिचा बाप बोलून राहिलो. अकोल्याहून आलेलो. तिची चूक नाही. मी रोज सूर्याले अर्घ्य देत होतो त्या हौदात. तांब्याच्या तांब्यानं."

स्पीकर चालू होता.

"अहो," काका म्हणाले, "मग सूर्याला पोहोचलं का तरी?"

बाबांना टोमणा कळला नाही, किंवा कळला असेल. "काय सांगू," ते म्हणाले. "पोचपावती येत नाही त्याची."

पलीकडे खोकल्यासारखा आवाज आला. मला वाटतं ते हसले. मग एकदम कामाचं बोलायला लागले.

"किती डोकी उरली?"

"दोन गेली," मी म्हटलं. "एकच आहे."

"हं. ऐक. तांबं तुझ्या दगडांत बसलंय. तू पाणी बदलशील, दगड हळूहळू परत सोडत राहतील. ठेवलंस तर मरेल. माझं पाणी तयार आहे, पण नवं आहे, आणि हडपसर ते शनिवार पेठ या उन्हात आणलंस तर त्या धक्क्यानंही मरेल. मी काही सांगणार नाही. कोरल तुझं आहे. दिलेलं परत मागायची आपल्यात पद्धत नाही."

"तुम्हीच मागितलं होतं की एक डोकं!"

"तेव्हा तीन होती," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी टँकसमोर बसले. तीन असती तर नुसतं एक कापून द्यायचं होतं. एक म्हणजे सगळंच. दिलं तर माझ्याकडे काही उरणार नाही, आणि ठेवलं तर कदाचित कुणाकडेच. त्या लहान डोक्याचे हात आता तीनच बाहेर होते. क्लाऊन मासा त्याला घासून घासून जात होता, रोजच्यासारखा झोपायला जागा शोधत. त्याला कुठे माहीत होतं.

"काय करतं मंग?" बाबांनी विचारलं.

"चप्पल घाला," मी म्हटलं.

*

कांडीच्या बुडाशी छिन्नी लावली आणि बाबांनी दगड घट्ट धरला. कट्ट. कांडी सुटली. पिशवीत नवीन कालवलेलं स्वच्छ खारं पाणी, त्यात टॉर्च, पिशवी थर्माकोलच्या डब्यात, डबा बाबांच्या मांडीवर, आणि आम्ही रिक्षात.

मगरपट्ट्याच्या पुढे सगळं अडकलं. एप्रिलचं ऊन, रिक्षाचा पत्रा, पुढे डंपर. दर मिनिटाला मी डब्याचं झाकण उचलून थर्मामीटर बघत होते.

"सारखं उघडू नको," बाबा म्हणाले. "गरम हवा आत जाते."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, प्यायच्या बाटलीतलं सगळं पाणी त्यावर ओतलं आणि डबा गुंडाळला. विदर्भात उन्हाळ्यात माठाला गुंडाळतात तसा. मग तो पोटाशी धरून बसले. सगळा शर्ट भिजला त्यांचा. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"काय आहे हो आत, काका? आईस्क्रीम?"

"पार्सल," बाबा म्हणाले. "अर्जंट."

रिक्षावाल्यानं काय समजलं कुणास ठाऊक, त्यानं रिक्षा अशा एका गल्लीत घातली की मी डोळेच मिटले. बाहेर आलो तेव्हा नदी दिसत होती.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाबा माझ्या आधी वर पोचले. काकांनी दार उघडलं, बाबांच्या ओल्या शर्टाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि नुसतं "या" म्हणाले. मागे त्यांचा तो भिंतभर टँक, ज्याच्यासमोर मी गप्प झाले होते. आता आत नुसते दगड आणि पाणी. एकही जीव नाही. दिवा मात्र चालू, निळा.

पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली. मग बारीक नळीनं थेंब थेंब काकांच्या टँकचं पाणी पिशवीत सोडायला सुरुवात. घाई चालत नाही, नव्या पाण्याची सवय व्हावी लागते. टॉर्च पूर्ण मिटलेला होता. जिवंत आहे की नाही तेही सांगता येत नव्हतं. मी वास घेतला. मेलेल्या कोरलला सडका वास येतो. वास नव्हता. पुन्हा घेतला. नव्हता.

बाबा टँकसमोर उभेच होते.

"बसा हो," काका म्हणाले. "तुम्ही उभं राहिल्यानं ते लवकर उघडणार नाही."

"माझ्याच्यानं झालं हे," बाबा म्हणाले. "म्हणून उभा आहो."

काकांनी चष्मा काढून पुसला. "माझा टँक कसा गेला माहितीये? इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं असतं. महिन्यातून एकदा, एवढंसं. मी विसरलो. मी पाणी घालायला विसरलो म्हणून मेले, तुम्ही विसरला नाहीत म्हणून मेले. आता उभंच राहायचं तर दोघंही राहू, मला काही हरकत नाही. गुडघे दुखतील एवढंच."

बाबा बसले. काकांनी चहा केला. अर्धा-अर्धा कप, काठोकाठ नाही. कुणीच प्यायलं नाही, सगळे त्या नळीच्या टोकाकडे बघत होते. शेवटी काकांनी हात घालून कांडी उचलली, दगडाच्या एका खाचेत, जिथे त्यांचा जुना मोठा टॉर्च होता, बरोबर तिथे टेकवली आणि हात बाहेर काढला.

तो उघडला नाही. आम्ही संध्याकाळ होईपर्यंत बसलो. तो उघडला नाही. आम्ही निघताना काकांनी दार लावता लावता सांगितलं, "फोन करून विचारू नकोस. काही झालं तर मी सांगेन. काही नाही झालं तर सांगायला काय असणार?"

*

त्यांनी सांगितलं नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मी ऑफिसमध्ये फोन उलटा ठेवायला लागले. घरी माझ्या टँकमध्ये पॅड बदलत होते, दुसराही निळा झाला, तिसरा थोडा कमी. दोन रिकाम्या कांड्या मी काढल्या नाहीत. क्लाऊनची जोडी एका कोपऱ्यात झोपायला लागली, हिटरच्या मागे.

आईचा व्हिडिओ कॉल आला की बाबा मागे टँक दिसणार नाही अशा बेतानं बसायचे. "बारीक दिसता," आई म्हणायची. "पोरगी खाऊ घालत नाही का?"

"घालते," बाबा म्हणायचे. आणि एकदा, अचानक, "मी येत्या आठवड्यात अकोल्याले जातो म्हणतो. चहा येते मले. खिचडी शिकून घेईन."

दुसऱ्या दिवशी मी एक जास्वंदीचं रोप आणलं, कुंडी, आणि कुंडीखाली ठेवायला परातीएवढं खोल प्लास्टिकचं ताट. बाल्कनीत पूर्वेला ठेवलं. बाबांनी ताट पाहिलं, हातानं उचलून पाहिलं, किती पाणी मावेल याचा अंदाज घेतला. तांब्या बॅगेतून काढला नाही.

मेसेज आला तेव्हा दुपार होती, मी शिफ्टला निघत होते. काकांचा. नुसता व्हिडिओ, शब्द नाही. मी तो उघडला नाही, फोन बाबांकडे दिला. बाबांनी फोन लांब धरला, मग जवळ, मग परत लांब.

"बाबा, काय आहे? सांगा ना!"

"थांब," म्हणून त्यांनी पंजा वर केला. मी थांबले.

"दोन," ते म्हणाले. "नाही. तीन. तीन हात बाहेर काढले त्यानं. टोकाले हिरवं आहे."

मी फोन हिसकावला. निळ्या उजेडात, त्या भल्यामोठ्या रिकाम्या टँकमध्ये, नखाएवढं काहीतरी हलत होतं. तीन हात. प्रवाहाबरोबर डावीकडे, मग उजवीकडे. खाली काकांचा मेसेज आता आला होता: 'जिवंत. लगेच नाचू नका.'

बाबांनी अकोल्याचं तिकीट काढलं नाही. मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले तेव्हा बाल्कनीतल्या कुंडीची माती ओली होती, ताटात बोटभर पाणी होतं आणि तांब्या कठड्यावर, उन्हात, पालथा घातलेला होता. खालून काकूंचा आवाज आला, "अहो वरचे! आज मंत्र ऐकू आला, पण पाऊस नाही पडला. बरे आहात ना?"

आई ताईकडून परत येणार त्याच्या आसपास काकांचा फोन आला. मेसेज नाही, फोन. मी उठून उभीच राहिले.

"तोंडं दोन झालीयत," ते म्हणाले. "अजून एकाच कांडीवर आहेत, पण फाटा फुटतोय. वर्षभरात कापता येईल. एक तुझं. तोवर तुझे दगड स्वच्छ कर."

"हो काका! हो! मी बाबांना सांगते."

"सांग. आणि कापायच्या दिवशी त्यांना घेऊन ये. डबा धरायला लागेल कुणीतरी." मग जरा थांबून, "तांब्या घरी ठेवा म्हणावं."

मी बाबांना सांगितलं. ते टँकसमोर खुर्ची घेऊन बसले होते, स्टीलच्या जगमधून खुणेपर्यंत पाणी घालत. पाणी संपेपर्यंत बोलले नाहीत.

"वर्ष म्हणते का तो?" त्यांनी विचारलं. "मंग तुझ्या आईले सांग, सरळ इकडंच ये म्हणा. अकोल्याची जास्वंद शेजारचे पाहतात."